सुभा, नदी आणि कचरा: ठेक्यानं काय काय देता येतं?

१७८७ च्या डिसेंबरात रतनपूरला बिंबाजी भोसले वारले आणि छत्तीसगडात एक असा प्रयोग सुरू झाला, जो सुचवायला आजचा एखादा धाडसी सल्लागारही दहा वेळा विचार करील.

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातले बिंबाजी जवळजवळ तीस वर्षं रतनपुरातच राहून कारभार पाहत होते. त्यांच्यामागं हा मुलूख आला व्यंकोजी भोसल्यांकडं. व्यंकोजींना नागपूर सोडायचं नव्हतं. मग जंगलांपलीकडचा एवढा प्रदेश सांभाळायचा कसा? त्यावर तोड निघाली ती अशी: सुभेदार नेमायचा आणि सुभेदारी मक्त्यानं द्यायची. पद कायमचं नाही, वंशपरंपरेचं नाही. नागपूरला जास्त रक्कम पोचवण्याचं जो कबूल करील, सुभा त्याचा. सारावसुली त्यानं करायची, न्यायनिवाडा त्यानं करायचा, बंदोबस्तही त्यानंच ठेवायचा.

जरा थांबून याच्याकडं बघा. आपण आज रस्ता ठेक्यावर देतो, फार तर पूल देतो. इथं अख्खं सरकारच ठेक्यावर गेलं होतं! आणि ही व्यवस्था १८१८ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं टिकली. पुढं इंग्रजांचा अंमल आला, अ‍ॅग्न्यू नावाच्या अधिकाऱ्याच्या काळात मुख्यालय रतनपुराहून रायपूरला आलं आणि आजच्या राजधानीची पायाभरणी झाली.

या सुभेदारीच्या कराराकडं जरा यंत्र उघडून पाहावं तसं पाहू. नागपूरला काय दिसत होतं? फक्त आलेली रक्कम. तलावाचा बांध फुटला का, न्याय देताना कुणाला नाडलं का, हे नागपूरच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिणार? आणि सुभेदाराच्या बाजूनं? पुढच्या वर्षी आपण या गादीवर असू की नाही हेच त्याला ठाऊक नाही. मग दहा वर्षांनी फळ देणारं काम तो आज कशाला काढील? त्याला दोष देऊन उपयोग नाही. मोजमाप ज्या गोष्टीचं होतं, तीच त्यानं केली.

सव्वादोनशे वर्षांनी हेच कोडं रायपूरच्या आसपासच्या प्रत्येक छोट्या गावासमोर येऊन उभं आहे. अभनपूर घ्या, खरोरा घ्या. अशा गावाची नगर पंचायत किंवा छोटी नगरपालिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक बैठी इमारत येते, दोन-चार कारकून, एखादा अभियंता, अंगणात उभा असलेला पाण्याचा टँकर. पण हिच्या खांद्यावर काय काय आहे? ७४ व्या घटनादुरुस्तीनं घटनेला बारावी अनुसूची जोडली. १९९३ पासून ती लागू आहे. तिच्यात अठरा विषय आहेत: पाणीपुरवठा, सांडपाणी, कचरा, रस्ते आणि पूल, दिवाबत्ती, अग्निशमन, बागा, स्मशानभूमी, कोंडवाडे, जन्म-मृत्यूची नोंद. माणूस जन्मला की नोंद हीच करते, मेला की लाकडांची सोयही हिनंच पाहायची, आणि मधली सगळी वर्षं नळाला पाणी हिनंच सोडायचं. काही हजार वस्तीच्या गावातली ही एवढीशी कचेरी, आणि एवढा पसारा!

मग प्रश्न येणारच. हे सगळं आपणच करायचं, की कुणाकडून करवून घ्यायचं?

या प्रश्नाचा मुळातून विचार करणारा माणूस नगरपालिकांचा अभ्यासक नव्हताच. रोनाल्ड कोस हा इंग्लंडमधला विशीतला विद्यार्थी अमेरिकेत कारखाने बघत फिरला. त्याला एक भाबडी शंका छळत होती. बाजारात सगळं विकत मिळतं, तर कारखानदार माणसं पगारावर ठेवतोच कशाला? रोज सकाळी बाजारातून रोजच्यापुरतं काम विकत का नाही घेत? १९३७ साली त्यानं आपलं उत्तर छापलं. बाजारातून घेणं फुकट नसतं, असं त्यानं दाखवून दिलं. योग्य माणूस शोधायचा, भाव करायचा, करार लिहायचा, मग त्यानं काम केलं की नाही यावर नजर ठेवायची. या प्रत्येक गोष्टीला खर्च येतो. हा खर्च घरच्या घरी काम करण्याच्या खर्चापेक्षा कमी असेल तर बाहेर द्या, जास्त असेल तर स्वतः करा. एवढंच! या साध्या वाटणाऱ्या विचाराला १९९१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता ही चावी घेऊन बारावी अनुसूची उघडून पाहा. कामं आपोआप वेगवेगळ्या ढिगांत पडायला लागतात.

रस्त्यावरचे दिवे घ्या. दिवा लागला की नाही हे बघायला अभियंता लागत नाही. रात्री घरी परतणारं शेंबडं पोरही सांगेल. वीज किती जळली हे मीटर सांगतो. म्हणजे नजर ठेवण्याचा खर्च जवळजवळ शून्य. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारनं दिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू केली तिच्यातली गंमत याच पायावर उभी आहे. ईईएसएल ही सरकारी कंपन्यांनी मिळून काढलेली कंपनी. ती शहरातले जुने दिवे काढून एलईडी लावणार, भांडवल आपलं घालणार, आणि वीजबिलात जी बचत होईल तिच्यातून हप्त्याहप्त्यानं पैसे वसूल करणार. शहराला पदरचं काही न घालता नवे दिवे! पैसा आला कुठून? जुन्या दिव्यांत जळून वाया जात होता तिथून. कामाची परीक्षा आणि कामाचा मोबदला दोन्ही एकाच मीटरवर वाचता येतात, म्हणून हा करार इतका सुटसुटीत.

आता त्याच चावीनं एक नदी उघडू.

रायपूरला १८९२ साली नळाचं पाणी आलं, तेव्हा त्या योजनेसाठी राजनांदगावचे राजे बलरामदास यांनी पैसा दिला होता. पाणी होतं खारून नदीचं. ही खारून पुढं जाऊन शिवनाथ नदीला मिळते आणि शिवनाथ महानदीला. याच शिवनाथेच्या काठी, दुर्ग जिल्ह्यात, बोरई नावाचं औद्योगिक क्षेत्र आहे. कारखान्यांना पाणी हवं होतं. ते पुरवायचं काम मध्य प्रदेश सरकारच्या रायपूर इथल्या औद्योगिक केंद्र विकास निगमाकडं होतं. छत्तीसगड राज्य अजून जन्माला यायचं होतं. ५ ऑक्टोबर १९९८ रोजी निगमानं रेडियस वॉटर नावाच्या खासगी कंपनीशी करार केला. कंपनीनं नदीवर बंधारा बांधायचा, पाणी उपसायचं, कारखान्यांसाठी पुरवायचं, आणि बावीस वर्षांनी सगळं परत करायचं. निगमाची आधीपासूनची काही कोटींची यंत्रसामग्री कंपनीला मिळाली. भाडं किती? एक रुपया!

पण खरी अचंब्याची गोष्ट तो एक रुपया नाही. ती आहे कराराच्या पोटातलं एक कलम. निगमानं कबूल केलं होतं की आम्ही रोज ४० लाख लिटर पाण्याचे पैसे देऊ. पाणी उचललं तरी, आणि नाही उचललं तरी.

खानावळीचा महिन्याचा डबा लावल्यासारखं हे. चार दिवस गावाला गेलात, डबा परत पाठवलात, तरी महिन्याचे पैसे पूर्ण. डबेवालीचं यात चुकतं असं नाही. तिनं तुमच्या भरवशावर किराणा भरलेला असतो. फक्त डबा लावताना आपण खरोखर किती दिवस जेवणार याचा अंदाज नीट असावा लागतो. नेमका तोच अंदाज इथं चुकला. बोरईत येतील असं वाटलेले कारखाने तेवढे आलेच नाहीत. पाण्याची मागणी हमीपेक्षा पुष्कळ कमी राहिली. दर होता घनमीटरला १२ रुपये ६० पैसे. ४० लाख लिटर म्हणजे ४,००० घनमीटर. गुणाकार करा: दिवसाला ५०,४०० रुपये, वर्षाला एक कोटी ८० लाखांच्या वर. नळ उघडा असो की बंद, आकडा हलणार नाही.

म्हणजे बघा, धोका कुणाचा होता आणि गेला कुणाकडं? धंद्यात गिऱ्हाईक येईल की नाही ही जोखीम एरवी धंदेवाल्याची. म्हणून तर नफा त्याचा. इथं एका कलमानं ती जोखीम अलगद उचलून सरकारी तिजोरीत नेऊन ठेवली, आणि नफा होता तिथंच राहिला. दगडमातीचा बंधारा सगळ्यांना दिसत होता. हा कागदी बंधारा कुणालाच दिसला नाही, आणि पैशाचा प्रवाह त्यानंच वळवला.

नदीकाठचे लोक मात्र दुसऱ्याच प्रश्नानं हादरले. सुमारे साडेतेवीस किलोमीटरच्या पट्ट्यात मासेमारांना आणि शेतकऱ्यांना अटकाव होतोय, अशा तक्रारी सुरू झाल्या. नदी विकली, अशी हाकाटी झाली. कागदोपत्री नदी विकलेली नव्हती. पाणी पुरवण्याचा हक्क दिला होता. पण जाळं टाकायला निघालेल्या माणसाला हा फरक काठावर उभं राहून कसा दिसावा? २००३ मध्ये मुख्यमंत्री अजित जोगी यांनी करार रद्द करण्याची घोषणा केली. २००७ मध्ये छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीनं करार रद्द करा अशी शिफारस केली. तरीही करार संपेना. सही करायला एक दिवस लागतो. पुसायला मुख्यमंत्र्यांची घोषणा आणि विधानसभेची समितीही पुरत नाही.

हे असं का होतं? याचं उत्तर शोधणाऱ्यालाही नोबेलच मिळालं. २०१६ साली, ऑलिव्हर हार्ट यांना. हार्ट यांचं मूळ निरीक्षण आपल्या आजीनंही केलं असतं: करारात सगळं लिहिता येत नाही. कितीही पानं लिहा, उद्या काय घडेल ते कुणाला दिसतं? मग जे लिहायचं राहून गेलं त्याचं काय? १९९७ मध्ये हार्ट यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर हाच प्रश्न तुरुंगाच्या उदाहरणावर ताणून पाहिला. तुरुंग खासगी कंपनीला दिला, तर ती खर्च कमी करण्यासाठी झटणार. चांगली गोष्ट. पण खर्च कमी करायची सोपी वाट कोणती? कमी पगाराचे, कमी शिकवलेले पहारेकरी. करारात ‘पहारेकरी ठेवा’ असं लिहिता येतं. ‘कैद्याशी माणसासारखं वागणारा ठेवा’ हे कसं मोजणार? जिथं दर्जा कागदावर मावत नाही, तिथं खर्चाची बचत दर्जाच्या खिशातून होते.

याच विद्वानांनी एक यादीही सुचवली. परराष्ट्रधोरण, पोलीस, सैन्य ही कामं सरकारनं स्वतःकडंच ठेवावीत. आणि बाहेर द्यायला सोपं काम कोणतं? कचरा उचलणं! पटतंच ते. कचरा उचलला की जागा स्वच्छ दिसते, नाही उचलला की वास येतो. याहून स्वस्त तपासणी कुठली?

आणि इथंच आपल्या शहरांनी एक मजेशीर घोळ घातला. कचरा उचलणं आणि कचऱ्याचं काही करणं ही दोन निराळी कामं आहेत, हे करारात येईचना. ठेक्याचे पैसे बहुतेक ठिकाणी कशावर? वजनकाट्यावर. टनाला इतके. आता ठेकेदाराच्या जागी बसून विचार करा. ओला कचरा सुक्यात मिसळला तर वजन घटत नाही. त्यात माती-राडारोडा आला तर वाढतंच. वेगळं करायला बसलात तर माणसं लागतात, वेळ जातो, आणि वरून काटा कमी भरतो. म्हणजे गावाला हवा आहे कमी कचरा, आणि पैसे देतोय जास्त कचऱ्याचे! परिणाम? शहराबाहेर डोंगर. रायपूरला सरोन्यात असाच वर्षानुवर्षांचा कचरा साचला. देशातलं क्वचितच एखादं शहर याला अपवाद असेल.

आता रायपूरहून उत्तरेला, सरगुजा जिल्ह्यात चला. अंबिकापूर. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. इथंही कचऱ्याचं मैदान होतं, पंधरा-सोळा एकरांचं. २०१५ मध्ये तिथल्या जिल्हाधिकारी ऋतू सैन आणि महापालिका यांनी वेल्लोरचे सी. श्रीनिवासन यांच्या पद्धतीवर एक व्यवस्था उभी केली. कचऱ्याचं काम महापालिकेनं स्वतःही केलं नाही आणि बाहेरच्या मोठ्या कंपनीलाही दिलं नाही. दिलं ते गावातल्याच महिला बचत गटांना. सुमारे साडेचारशे बाया. हातमोजे, तीनचाकी गाडी. छत्तीसगडात आज त्यांना सगळे ‘स्वच्छता दीदी’ म्हणतात.

दीदीचा दिवस कसा जातो बघा. सकाळी दारोदार गाडी. ओलं एका डब्यात, सुकं दुसऱ्यात. मिसळून दिलंत तर ती तिथंच सांगणार, कारण ती तुमच्याच वॉर्डातली आहे, तुमच्या सासूबाईंना ओळखते. तिथून गाडी जाते वॉर्डाजवळच्या केंद्रावर. गावाबाहेर एक अजस्र कारखाना उभारण्याऐवजी गावातच अशी लहान लहान केंद्रं आहेत. ओल्यातलं जे खाण्याजोगं असेल ते गाई, कोंबड्या, बदकांना. उरलेल्याचं खत. आणि सुकं? तिथून खरी जादू सुरू होते.

तुमच्या-माझ्या लेखी प्लॅस्टिक म्हणजे प्लॅस्टिक. दीदीच्या लेखी पाण्याची बाटली वेगळी, तिचं झाकण वेगळं, दुधाची पिशवी वेगळी, तेलाचा डबा वेगळा, चुरचुरणारं वेफरचं पाकीट वेगळं. कागदात वर्तमानपत्र निराळं, पुठ्ठा निराळा, वहीचा पांढरा कागद निराळा. प्रयोगशाळेत ज्यासाठी यंत्र लागेल, ते सरावलेला हात नुसत्या स्पर्शानं आणि चुरगळण्याच्या आवाजानं ओळखतो. आणि हे कसब कशासाठी? प्रत्येक प्रकाराचा बाजारभाव वेगळा आहे म्हणून. एकत्र ढीग घेऊन गेलात तर भंगारवाला तोंड फिरवील. वेगळं करून नेलंत तर तोच वजनकाटा पुढं करील.

आता कराराचं यंत्र पुन्हा उघडा. दीदीची कमाई कशातून होते? घराघरातून मिळणारं महिन्याचं शुल्क आणि वेगळ्या केलेल्या सुक्या मालाची विक्री. वजन वाढवून तिला काडीचा फायदा नाही. जितकं नीट वेगळं, तितके जास्त पैसे. म्हणजे गावाला जे हवं, तेच तिलाही हवं! आणि नजर ठेवायचा खर्च? घरातली प्रत्येक गृहिणी ती ठेवतेच आहे. दीदी आली नाही तर दुपारपर्यंत नगरसेवकाकडं तक्रार. कोसनं सांगितलेला तो पहाऱ्याचा खर्च असा अख्ख्या गावात वाटला गेला आणि जाणवेनासा झाला.

परिणाम? कचऱ्याच्या त्या मैदानावर आज बाग आहे. २०१९ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या पाठोपाठ देशात दुसरा क्रमांक अंबिकापूरचा. २०२० मध्ये पंचतारांकित कचरामुक्त शहरांची यादी निघाली तेव्हा सुरत, राजकोट, म्हैसूर, इंदूर, नवी मुंबई अशा धेंडांच्या पंगतीत सहावं नाव होतं अंबिकापूर. २०१९ च्या ऑक्टोबरात तिथं ‘गार्बेज कॅफे’ सुरू झाला: एक किलो प्लॅस्टिक आणा, पोटभर जेवा, अर्धा किलो आणा, नाश्ता करा. प्लॅस्टिकला भाव आहे, हे सांगायला याहून चविष्ट पद्धत कुणाला सुचली असती?

मराठी वाचकाला यात पुण्याचा चेहरा ओळखू येईल. तिथं १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. उकिरड्यात वेचणाऱ्या बायांची ती संघटना. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिनं पुणे महापालिकेशी करार केला. घरोघरचं शुल्क वेचकांचं, विकण्याजोगा मालही वेचकांचा. सूत्र तेच, शहर कितीतरी पट मोठं. म्हणजे हे छोट्या गावातच जमतं असंही नाही.

मग पाणीही असंच वॉर्डातल्या कुणाला देऊन टाकावं का? इथं सांभाळून. कचरा डोळ्यांसमोर असतो. पाण्याचा नळ जमिनीखाली. तिथं काय चाललंय ते कळायला मीटर लागतात, नकाशे लागतात, आणि ते वाचणारा माणूस लागतो. कराडजवळच्या मलकापूरनं हे ओळखलं. काही हजार वस्तीचं गाव, पण महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीनं २००९ च्या सुमाराला तिथं चोवीस तास पाणी सुरू झालं. प्रत्येक नळाला मीटर, आणि जो जास्त वापरील त्याला चढता दर.

चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी, असं वाटलं ना? उलट घडतं. दोन तास पाणी येतं तेव्हा आपण घागरी, पिंपं, टाक्या भरतो आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळं’ म्हणून ओतून देतो. नळाला केव्हाही पाणी असेल तर साठवायचं कशाला आणि ओतायचं कशाला? दुसरं नवल त्याहून मोठं. पाणी बंद झालं की नळातला दाब जातो, आणि जिथं भेग असेल तिथून बाहेरचं गटाराचं पाणी आत शिरतं. दाब कायम असेल तर भेगेतून पाणी फक्त बाहेरच येऊ शकतं. म्हणजे नळ सतत भरलेला ठेवणं हेच एक प्रकारचं शुद्धीकरण!

नागपूरनं दुसरी वाट धरली. २०१२ पासून पंचवीस वर्षांसाठी पाणीपुरवठा चालवायला खासगी कंपनीला दिला. जलवाहिन्यांची मालकी आणि दर ठरवायचा अधिकार महापालिकेनं स्वतःकडं ठेवला. लातूरलाही पाण्याचं काम खासगी कंपनीकडं गेलं होतं. तिथं लोक रस्त्यावर आले आणि करार मोडला. मलकापूर, नागपूर, लातूर: राज्य एक, पाणी एक, उत्तरं तीन.

याचं टोक पाहायचं तर अमेरिकेत जावं लागेल. जॉर्जिया राज्यात १ डिसेंबर २००५ रोजी सँडी स्प्रिंग्ज नावाचं शहर कागदावर जन्मलं. वस्ती नव्वद हजारांच्या घरात. त्यांनी पोलीस आणि अग्निशमन सोडून जवळजवळ सगळंच एका कंपनीला देऊन टाकलं: रस्ते, बागा, हिशोब, बांधकाम परवाने, खिडकीतला कारकूनसुद्धा. जगभरातून लोक हे नवल बघायला यायचे. २०११ मध्ये त्यांनी ते काम तोडून अनेक कंपन्यांत वाटलं. आणि २०१९ मध्ये? शांतपणे वही काढली, गणित मांडलं, आणि बहुतेक कामं पुन्हा स्वतःच्या पगारी माणसांकडं घेतली. पाच वर्षांत १ कोटी ४० लाख डॉलर वाचतील असा त्यांचा हिशोब होता.

काहींना यात खासगीकरणाचा पराभव दिसला. मला त्यात दिसतं ते एक देखणं दार. चौदा वर्षांनी त्या शहराला परत फिरता आलं, कारण त्याचे करार लहान मुदतीचे होते आणि स्वतः करायला किती खर्च येईल हे मांडणारी माणसं त्याच्या पदरी होती. शिवनाथेच्या करारात पैशांची हमी होती, बावीस वर्षं होती, पण असं दार नव्हतं.

म्हणून अभनपूरनं किंवा खरोऱ्यानं कामं बाहेर द्यावीत का? खुशाल द्यावीत. दिवे द्यावेत, गाळ काढणं द्यावं, आणि कचरा तर आपल्याच वॉर्डातल्या बायांना द्यावा. पाणीही द्यायला हरकत नाही, पण मीटर वाचणारा अभियंता आधी नेमावा आणि मग द्यावं. सगळं बाहेर दिलेल्या गावालाही एवढा एक माणूस घरचा लागतोच, कारण काम नीट झालं की नाही हे ठेकेदारालाच विचारायची वेळ आली की नागपूरच्या वहीत आणि आपल्या वहीत फरक उरत नाही.

आणि हे सगळं तपासायला तुम्हाला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. तुमच्या गावाचा कचऱ्याचा, दिव्यांचा, पाण्याचा करार कचेरीच्या कपाटात आहे आणि माहितीच्या अधिकारात तो तुम्हाला मागता येतो. हातात आला की लगेच रकमेकडं वळू नका, ती शेवटी वाचा. आधी दोन कलमं शोधा. पैसे कशावर मोजलेत: टनावर, लिटरवर, घरांवर, की नुसत्या हमीवर? आणि न पटल्यास गावाला बाहेर केव्हा पडता येतं? पन्नास पानांच्या त्या जाडजूड बाडात तुमच्या गल्लीचं पुढच्या वीस वर्षांचं भविष्य बहुतेक या दोन परिच्छेदांतच लिहून ठेवलेलं असतं, आणि ते वाचायला दहा मिनिटं पुरतात!